गाठ खालून

बापूरावांच्या संग्रहालयाला तिकीट नव्हतं. आत आलेल्या माणसाला मात्र ते तिरडीवर आडवं व्हायला सांगत.

इतवारीतल्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत त्यांनी अंत्यसंस्कारांच्या चालीरीती मांडल्या होत्या. विस्तव न्यायची मडकी, गोंडांच्या गावातून आणलेला मृताच्या आठवणीचा लाकडी खांब, आणि मधोमध स्वतः बांधलेली कोरी तिरडी. मी शाळामास्तर, अक्षर बरं, म्हणून रविवारी पाट्या लिहायला जायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला धरलं.

"आडवा हो गा मास्तर. गाठ कुठं रुतते थे सांग."

माझी बोबडी वळली. "काका, घरी लेकरंबाळं हायेत माझी!"

"मंग? मले तर नातवंडं हायेत," म्हणत ते स्वतःच आडवे झाले आणि तिथूनच पाटीतली चूक सांगू लागले.

"पण मेलेल्याले काय रुतते काका?"

"त्याले नाही रुतत गा. बांधणाऱ्याले रुतते."

पुढे कधीतरी चहा पिताना त्यांनी सांगितलं. "बाबाची तिरडी मीच बांधली होती. खांद्याखाली गाठ वर आली होती. मले दिसली. पण लोकं घाई करून राहिले होते, मी बोललो नाही. घाटापर्यंत माह्या डोळ्यासमोर थेच गाठ."

त्यांनी मला तिरडी बांधायला शिकवली. दोन लांब बांबू, आडव्या कामट्या, सुतळी, आणि प्रत्येक गाठ खालून. "आता गाडी येते, लोखंडी स्ट्रेचर येते. मले त्याच्यावर नेजो नको. तू बांधजो." मी हो म्हणालो. आडवा मात्र कधी झालो नाही. ते दर रविवारी हसत, जोर कधी केला नाही.

गेल्या हिवाळ्यात बापूराव गेले. दारात गाडी उभी होती आणि मी अंगणात बसून तिरडी बांधत होतो. डोळे सारखे भरून येत होते, सुतळी दिसत नव्हती.

"मास्तर, लोकं खोळंबले. काहून उशीर करून राहिले?" त्यांचा मुलगा म्हणाला.

"झालंच," म्हणालो. चौघे पुढे सरसावले. मी त्यांना थांबवलं, चपला काढल्या आणि तिरडीवर आडवा झालो.

"अवं माय!" कुणीतरी बाई ओरडली.

डाव्या खांद्याखाली एक गाठ रुतत होती. उठलो, सोडली, खालून बांधली आणि पुन्हा आडवा झालो. आता कुठंच रुतत नव्हतं.

मग म्हणालो, "आणा काकाले."