अल्काची सही

केशोरीच्या अंगणवाडीत शिकवणाऱ्या अल्का शहारेच्या हाडांत रक्त तयार होणं थांबलं, तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. थोरला भाऊ रत्नपाल याचा बोन मॅरो जुळला. २००८ साली मुंबईत तो तिला चढवला आणि ती वाचली. गावानं विहारात रत्नपालचा शाल देऊन सत्कार केला.

वर्षभरात अल्काचे डोळे कोरडे पडले. भावाकडून आलेल्या पेशी तिच्या डोळ्यांना परकं समजून त्यांच्यावरच उठल्या होत्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. पापणीखाली सतत वाळू घासायची. उजेड सोसत नव्हता, पंख्याचा वारासुद्धा नाही. दर तासाला थेंब टाकावे लागायचे. पुढं डाव्या बुबुळाला जखम झाली, तेव्हा नागपूरला त्या डोळ्याच्या पापण्या टाके घालून मिटवल्या. उजव्यावर औषध लावून पट्टी बांधली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी रत्नपाल तिला गाडीत घालून अर्जुनी मोरगावच्या कचेरीत घेऊन गेला. "सरकारी मदतीचा कागद हाये, सही कर," म्हणाला. तिचा हात धरून पेन त्यानंच जागेवर टेकवला. तिनं सही केली.

पुढं टाके निघाले, पट्टी सुटली. दोन वर्षांनी कशासाठी तरी सातबारा काढला, तर त्यावर तिचं नावच नव्हतं. तो कागद हक्कसोड पत्राचा होता. वारलेल्या बापाची, उदाराम यांची, भावाबहिणीच्या नावावर लागलेली चार एकर धानाची जमीन एकट्या रत्नपालची झाली होती.

तिनं जाब विचारला. तो आवाज न चढवता म्हणाला, "माह्याच रक्तावर जगून राहिली तू. तुले वावर कायले पाहिजे?"

"रक्त तुहंच हाये दादा," अल्का म्हणाली, "म्हून तर सोडणार नाई."

आई धुरपताबाई विनवायला आली. "सोडून दे बाई. त्यानंच वाचवलं तुले."

"डोये उघडे असताना मांगितलं असतं, तर देऊन टाकलं असतं. बंद होते तवा काऊन नेलं त्यानं मले?"

तिनं दावा टाकला. काळा चष्मा लावून, एसटीत थेंब टाकत ती चार वर्षं प्रत्येक तारखेला गेली. रत्नपालच्या वकिलानं विचारलं, "कागद वाचूनच सही केली ना?" तिनं दवाखान्याचं कार्ड पुढं केलं. सहीच्या तारखेला तिचा एक डोळा टाक्यांनी बंद होता आणि दुसऱ्यावर पट्टी होती. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचलं. २०१५ साली तो कागद रद्द झाला, अर्धी जमीन तिच्या नावावर लागली.

रत्नपाल तडजोडीला आला. तळ्यालगतचं वावर सोडून दे, दुसरं कोणतंही घे, म्हणाला. तळ्याचं पाणी त्याच वावरातून पुढं रत्नपालच्या धानाला जायचं. अल्काला तेच हवं होतं. त्यासाठी तिनं वर्षभर तहसीलचे उंबरठे झिजवले आणि ते मिळवलं.

मोजणी एप्रिलात झाली. उन्हात जाऊ नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. हद्दीचा शेवटचा दगड रोवेपर्यंत ती बांधावर उभी राहिली. समोर रत्नपाल मान खाली घालून उभा होता. त्या दिवसाच्या उन्हानं डाव्या डोळ्याची जखम पुन्हा उघडली. आता त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळतो.

वावर तिनं गावातल्याच छोटेलाल नावाच्या शेतकऱ्याला ठेक्यानं दिलं. पाण्यावरून त्याचं आणि रत्नपालचं जुनं वैर होतं, हे तिला ठाऊक होतं.

आता रोवणीच्या दिवसांत रत्नपालला पाण्यासाठी छोटेलालच्या दारात जावं लागतं. कोणी येऊन ते सांगितलं, की अल्का त्याला बसवून घेते आणि पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगायला लावते.