चौघांचं सांगणं आणि आमचं तिघांचं

सांगली-मिरज रस्त्यावर माझं जुन्या सागवानी सामानाचं दुकान आहे. पाडलेल्या घरांची दारं, खिडक्या, कपाटं, कधी एखादा झोपाळा. जत तालुक्यातल्या मेंढपाळाच्या पोरानं हे दुकान कुणाच्या मदतीशिवाय उभं केलं. ही गोष्ट मी स्वतःच सांगतो, कारण आमच्या घरात ती दुसरं कुणी सांगत नाही.

चर्चमधून निवृत्त झालेल्या एका पाळकांना माझ्याकडचं काचेचं कपाट हवं होतं. पुस्तकं ठेवायला. मी भाव सांगितला, ते हसले आणि बसले. दुसऱ्या दिवशी आले, कपाटाचं दार उघडून मिटून पाहिलं आणि पुन्हा बसले. गिऱ्हाइकं दोन तऱ्हेची असतात. काही बोलून भाव पाडतात, काही नुसती बसून. बसणारी जास्त वाईट. शेवटी एके दिवशी माझं डोकं फिरलं.

"पाळकसाहेब, घ्यायचं नसंल तर राहू द्या. पण रोज येऊन कपाटाला नजर लावू नका."

"शेठ, मी तुमच्या चहासाठी येतो," ते म्हणाले. "कपाट आपलं निमित्त."

खरं म्हणजे राग त्यांच्यावर नव्हताच. नुकताच गावाकडून अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा फोन येऊन गेला होता. जत्रा जवळ आली होती.

"यंदा तरी ये," अक्का म्हणाली. "दादाचा आवाज बसलाय. डॉक्टर म्हणतोय घसा ताणू नका. पुढल्या साली सांगंल का न्हाई, काय खरं न्हाई."

"त्याच्या सांगण्यात मी न्हाई. मग मी जत्रंला कशाला यिऊ?"

"मटान खायाला ये," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

पाळकांनी विचारलं, काय झालं. चहा येईपर्यंत मी सगळं सांगून टाकलं.

आमच्या जत्रेत बिरोबाच्या ओव्या होतात. आधी ढोलावर गायचं आणि मग तेच साध्या बोलीत सांगायचं. देवाचं झालं की आमच्या गावात आणखी एक रीत आहे. एकेका घरातला मोठा माणूस उठतो आणि आपल्या वाडवडिलांची एक गोष्ट सांगतो. आमच्या घरचं माझा थोरला भाऊ, दादा सांगतो. गावात चारा उरला नव्हता त्या साली आम्ही मेंढरं घेऊन पश्चिमेला गेलो, ती गोष्ट. रहिमतपूरकडं ऊसवाल्यांची रानं. मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवली की लेंडीखत मिळतं, त्याबद्दल शेतकरी मेंढपाळाला धान्य देतो. दादाच्या सांगण्यात आमचे वडील, आबा, बांधावर हात जोडून उभे राहतात. शेताचा मालक फौजेतून आलेला सुभेदार. तो लेकराबाळांकडं बघतो, त्याचं काळीज हलतं आणि तो म्हणतो, बसवा मेंढरं. इथं बायका पदर डोळ्याला लावतात.

आता खरं काय झालं ते ऐका. सुभेदार निम्म्या धान्यावर अडून बसला होता. आबा गप्प. मला तेव्हा कुठं मिसरूड फुटलं होतं. मी पुढं झालो आणि ऊन चढेपर्यंत त्याच्याशी भांडलो. ऐकत नाही म्हटल्यावर कळप वळवला आणि शेजारच्या रानाकडं चालू लागलो. तेव्हा कुठं त्यानं हाक मारली. ते माझं पहिलं गिऱ्हाईक. त्या सकाळी मी धंदा शिकलो. आणि दादाच्या गोष्टीत मी नाहीच. मेंढरं आहेत, कुत्रं आहे, मी नाही.

काही वर्षांपूर्वी न राहवून मी भर जत्रेत उठलो आणि म्हणालो, हे खोटं हाय. दादा म्हणाला, "खाली बस. ही काय तुझी बाजारपेठ हाय व्हय?" लोक हसले. मी उठून जी गाडी धरली, ती परत गेलो नाही.

पाळकांनी बशीतला चहा संपवला. "आमच्याकडंही तोच घोळ आहे," ते म्हणाले. "येशूची गोष्ट चार जणांनी सांगितली आहे. चौघांचं जुळत नाही."

मला वाटलं, समजूत काढतायत. पण त्यानंतर ते कपाटासाठी यायचे आणि एकेक सांगून जायचे. येशू स्वतः काही लिहून गेला नाही. लोकांनी ऐकलं, दुसऱ्यांना सांगितलं, असं बरीच वर्षं तोंडातोंडी चाललं. आधी त्याच्या अनुयायांची पत्रं लिहिली गेली, येशूची गोष्ट सांगणारी चार पुस्तकं, म्हणजे शुभवर्तमानं, त्यानंतरची. बोलला एका भाषेत, लिहिलं गेलं दुसऱ्या भाषेत, ग्रीकमध्ये.

"आणि लिहिणाऱ्यांनी आपली नावं घातली नव्हती," ते म्हणाले. "ती मागाहून लागली असं पुष्कळ अभ्यासक मानतात."

"नाव न घालता माल कोण विकतं?" मी म्हणालो.

बायबलात चौघं ज्या क्रमानं येतात, त्या क्रमानं त्यांनी त्यांचे स्वभाव सांगितले. दुसऱ्याचं सांगणं सगळ्यात छोटं आणि बहुतेकांच्या मते सगळ्यात जुनं. त्याला घाई फार. पहिल्यानं आणि तिसऱ्यानं त्याचं पुढ्यात ठेवून लिहिलं असावं, आणि जिथं पटलं नाही तिथं बदललं. चौथ्याची वाटच निराळी. दुसरा आणि चौथा जन्माची कथा सांगतच नाहीत. पहिल्याच्या गोष्टीत पूर्वेकडून जाणती माणसं सोनं घेऊन येतात.

"आणि तिसऱ्याच्या?"

"तिसऱ्याच्या गोष्टीत रानात मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना ती बातमी आधी कळते."

मी खुर्चीतून पुढं सरकलो. "आमच्या लोकांना?"

"तुमच्या लोकांना."

"मग बाकीच्या तिघांनी मेंढपाळ गाळले का?" माझा आवाज चढला. समोरचा पंक्चरवाला बघायला लागला. "सोनंवाले घेतले आणि मेंढरंवाले गाळले. हे बरं आहे."

पाळक हसून हसून खोकले. "शेठ, गाळले कशावरून? त्यांना ते माहीत नसेल. किंवा त्यांना दुसरंच काही सांगायचं असेल. पहिल्याला राजा दाखवायचा होता, त्यानं राजाला शोभणारे पाहुणे आणले. तिसऱ्याची नजर गोरगरिबांवर, त्यानं मेंढपाळ आणले. ज्याला जे महत्त्वाचं वाटलं, ते त्यानं धरलं."

माझ्यातला व्यापारी गप्प बसेना. "मग चौघांना एकत्र बसवायचं आणि एक भाव करून टाकायचा. चार भाव ठेवून दुकान चालतं का?"

"तेही झालं," ते म्हणाले. "पुढं एकानं चौघांचं जोडून सलग एक केलं. काही ठिकाणी ते बरेच दिवस वाचलंही गेलं. पण शेवटी लोकांनी चारच ठेवली. न जुळणारी. एक काढून दुसरं ठेवलं नाही आणि एकाला पुसून दुसरंही लिहिलं नाही."

हे मला दोन दिवस चावत राहिलं. मी आजवर दादाकडं एकच मागणी केली होती, तुझं बदल. त्यानं ते कधीच दिलं नसतं. मी त्याच्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. चुकीची वस्तू मागितली की सौदा होत नाही, हे मला दुकानात कळतं, घरात कळलं नव्हतं. पाळकांना मी कपाट देऊन टाकलं. भाव असा ठरला की दोघंही नाराज, म्हणजे बरोबर ठरला. आणि मी जतची गाडी धरली.

दादा देवळामागं लिंबाखाली बसला होता, गळ्याला मफलर गुंडाळून. आवाज खरंच खरखरीत झाला होता.

"आलास व्हय," तो म्हणाला.

"तुझं बदल म्हणायला आलो न्हाई. तुझं झालं की माझं सांगणार."

त्यानं बराच वेळ तंबाखू मळली. "आधी मी. थोरला मी हाय."

"कबूल. पण मी उठलो की मधी बोलायचं न्हाई."

"आबांना कमी दाखवायचं न्हाई."

"त्यांना गप्प दाखवीन. ते गप्पच हुते."

"ते चालंल," दादा म्हणाला. "गप्प हुतेच."

दुपारी ढोल थांबले आणि दादा उठला. घसा धरत धरत त्यानं सुभेदाराचं काळीज हलवलं. बायका रडल्या. मग मी उठलो. मेंढरं वळवण्यापाशी आलो आणि लोक हसायला लागले. एक म्हातारा ओरडला, "शाब्बास रं गड्या." मी फेटा सारखा करून बसतोय तोच बायकांच्या घोळक्यातून अक्का उठली. आमच्या गावात बाई कधी सांगायला उठलेली नव्हती.

"आता माझं ऐका," ती म्हणाली. "आबा बांधावर हात जोडून हुते, ह्यो भांडत हुता. आई आन मी रानातल्या त्यांच्या घरी, मागल्या दारानं सुभेदारणीकडं गेलो. आईनं तिच्या चुलीपाशी बसून तिला आजारी कोकरू दावलं. दोघी बोलत बसल्या. मग सुभेदारीण भायेर आली आन नवऱ्याला म्हनली, आवं, बोलवा त्यास्नी माघारी. म्हणून त्यानं हाक मारली."

"म्हंजे माझी सकाळभराची घासाघीस?" मी म्हणालो.

"आन माझं हलल्यालं काळीज?" दादा म्हणाला.

"तुमी दोघंबी तिथं हुता की," अक्का म्हणाली. "मी कुटं न्हाई म्हनतीय?"

सगळी जत्रा हसली. कोण खरं, हे कुणी विचारलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

संध्याकाळी मटणाच्या पंगतीत दादा माझ्या शेजारी बसला. ओरडून झाल्यामुळं त्याचा आवाज जवळजवळ गेला होता.

"पुढल्या साली मला जमलं न्हाई तर माझं तू सांग," तो म्हणाला.

"माझं?"

"माझं. मी सांगतो तसं. तुझं तू नंतर सांग."

"मला तुझ्यासारखं रडवायला जमायचं न्हाई."

"जमंल तसं सांग. पण त्यात काय घालू नको, काय गाळू नको."

मी भाकरीचा तुकडा रश्श्यात बुडवला आणि मान हलवली. यात माझा काय फायदा, हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

परतीच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाली. कवठेमहांकाळ येईपर्यंत मी दादाचं सांगणं पुटपुटत म्हणून पाहिलं. बांध, जोडलेले हात, मेंढरं, कुत्रं, सुभेदार. त्यात मी कुठंच नाही. राग पुन्हा आला. पण शब्द एकही चुकला नाही.