मोजणीतून सुटलेला व्हरांडा

"बाहेरचं वजा करा!" म्हणत ताई एकेक बोट मिटायला लागल्या, की अमीनाबादच्या बाजारातल्या चाटवाल्याचा झारा हवेतच थांबायचा. बटाटा शेतकऱ्याचा, दही डेअरीचं, गॅस कंपनीचा, पत्रावळ तिसऱ्याचीच. चार बोटं मिटली की उरलेला अंगठा त्याच्या नाकासमोर धरायच्या. "ये आपका है, भैया. सिर्फ़ ये!" ताईंना येताना पाहून ठेल्यासकट पळणारे भैया मी डोळ्यांनी पाहिलेत. तुम्ही म्हणाल, हा वाढवून सांगतोय. सांगतोच! पण अंगठा खरा.

ताई मूळ नागपूरच्या, लखनौच्या आकडेवारी ऑफिसात माझ्या वरिष्ठ. राज्याच्या उत्पन्नात माहिती पुरवण्याच्या धंद्याचा वाटा किती, हे काढायचं काम आमच्याकडे होतं. बातम्या विकणारे, वेबसाइटवाले, डेटा सांभाळणारे, सगळे त्यात आले. प्रत्येकाच्या कमाईतून बाहेरून घेतलेलं वजा करायचं. उरेल ती त्याची खरी भर. दिल्लीहून आलेले सुटाबुटातले कंपनीवाले छाती काढून आत शिरायचे आणि ताईंचा अंगठा बघून खांदे पाडून बाहेर पडायचे.

ताईंचं घर लखनौच्या महानगर नावाच्या वस्तीत. भाऊजी, म्हणजे ताईंचे यजमान, रेल्वेत इंजिनियर होते. अर्धांगाचा झटका आला, नोकरी सुटली आणि ते व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत येऊन बसले. बसले ते कसले! कुठला डॉक्टर खरं बोलतो, पेन्शनच्या खिडकीवर कोणाला गाठायचं, जानकीपुरमची बस कुठून धरायची, अख्खं महानगर त्यांना विचारून हलायचं. सूर्यसुद्धा फाटकाशी थांबून वेळ विचारत असावा, असा माझा संशय आहे.

संध्याकाळी ताई घरी आल्या की भाऊजींचा एकच प्रश्न. "काय मॅडम, माझं किती धरलंत?"

"शून्य."

"अहो, दिवसभर माहितीच पुरवतोय की!"

"पैसे घेता का? नाही ना? मग शून्य."

ते हसायचे, पण हसताना लुळा हात शालीखाली ओढून घ्यायचे. शून्य त्यांना लागायचं, हे मला दिसायचं. ताईंना दिसत नसेल?

एका रविवारी मी गेलो तर फाटकावर पाटी! 'पूछताछ. पाँच रुपये.' डाव्या हाताने लिहिलेली अक्षरं सायकल शिकणाऱ्या पोरांसारखी चालली होती. भाऊजी राजासारखे बसलेले. "आता धरावंच लागेल तुझ्या ताईला."

लोक आले, पैसे ठेवून गेले. पण उन्हातून आलेल्याला तसंच कसं पाठवायचं? भाऊजींनी प्रत्येकाला आलं घातलेला चहा पाजला. वर बिस्किटं. संध्याकाळी ताईंनी बोटं मिटायला घेतली. दूध, साखर, आलं, बिस्किटं. मग अंगठाही आत गेला.

"अहो, तुम्ही तर उणे निघालात! राज्याचं उत्पन्न घटवलंत!"

भाऊजी इतके हसले की त्यांचा वाकडा झालेला ओठ क्षणभर सरळ दिसला. हे मात्र वाढवून सांगत नाहीये. पाटी त्याच दिवशी उतरली. चहा चालू राहिला.

थंडीत भाऊजी गेले.

महिनाभराने आमचे आकडे बैठकीत मांडले. शेवटी बड्या साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "मैडम, कुछ छूटा तो नहीं?" "नो सर" हे ताईंचं वर्षानुवर्षांचं उत्तर. मी कागद गोळा करायलाही लागलो होतो.

"छूटा है, सर. महानगर की एक यूनिट."

"अरे, तो जोड़ लीजिए!"

"नहीं जोड़ सकते, सर. पैसे नहीं लेती थी." ताईंनी चष्मा काढला. "अब तो बंद भी हो गई."

साहेबांना काही कळलं नाही. मी टेबलाकडे बघत राहिलो. ताईंचा हात तिथे पसरलेला होता, सगळी बोटं उघडी.

संध्याकाळी त्यांना घरी सोडायला गेलो. फाटकाशी एक मुलगी घुटमळत होती. "आंटी, अंकल नहीं हैं? कॉलेज के फॉर्म का पूछना था."

ताईंनी फाटक उघडलं. मग व्हरांड्यात जाऊन वेताच्या खुर्चीत बसल्या, पहिल्यांदाच. "मुझसे पूछो, बेटा. इधर आओ."

आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आत जाऊन चहा ठेव रे. आलं घाल. हिच्यासाठीपण."