मैनाबाईंची खालची कवळी

बन्सी पाटोळे शिराळ्याकडून बोईसरला आला तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटलं होतं. तारापूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये तो लेथ मशीनवर उभा राहिला तो एकोणचाळीस वर्षं उभाच राहिला. जवळच्या बेटेगावात दोन खोल्या घेतल्या, मुलाचं लग्न केलं, मिशा पांढऱ्या झाल्या. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून तीन दिवस जुन्या मालकाच्या शेडमध्ये तो जाऊन यायचा, कारण स्क्रू-बोल्टचे आटे पाडायला बन्सीसारखा हात दुसरा नव्हता. आसपासच्या बिल्डिंगांत कुकरचं हँडल तुटलं, शिलाई मशीनचं चाक अडलं, पंपाचा बोल्ट झिजला, की लोक म्हणत, "बन्सी टर्नरकडे न्या." आणि वस्तू दुरुस्त होऊन यायची.

मात्र बायकोच्या खालच्या कवळीपुढे त्याला हात टेकावे लागले.

मैनाबाईंचे दात पायोरियाने गेले होते. हलायला लागलेले एकेक करत, शेवटचे सात तर एकाच दिवशी एका शिबिरात काढले. नंतर दोन्ही कवळ्या बसवल्या. वरची टाळूला चिकटून मुकाट राहायची. खालची मात्र नाठाळ. जीभ हलली की ती हलायची, घास उजवीकडे गेला की ती डावीकडून उचलली जायची. तरी बाईंनी पाच वर्षं निभावलं.

मग शेजारच्या भावनाचं डोहाळजेवण आलं. पंगत रंगात आली होती, कुणीतरी भावनाच्या नवऱ्याची नक्कल केली, मैनाबाईंना मनापासून हसू फुटलं आणि खालची कवळी थेट श्रीखंडाच्या वाटीत पडली. बायका हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. भावनाने तर उठून पाणी आणून दिलं. पण त्या दिवसापासून मैनाबाई कुणाच्या घरी जेवल्या नाहीत. कधी उपास असायचा, कधी पोट बरं नसायचं.

बन्सीच्या हे लक्षात यायला चार महिने लागले. एका रविवारी मटणाचा बेत होता. त्याचं जेवण होत आलं तरी बायको बाहेर येईना, म्हणून तो स्वयंपाकघरात डोकावला. मैनाबाई दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. ताटात मटण नव्हतं. दुधात बुडवलेली भाकरी त्या चमच्याने खात होत्या.

"हे काय, मैना?"

"मला नको आज तिखट."

"आज की रोज?"

त्यांनी चमचा पुन्हा दुधात बुडवला. तो तिथेच उभा राहिला. एवढे महिने आपण समोरच्या खोलीत बातम्या बघत जेवत होतो आणि ही इथे भिंतीकडे तोंड करून, या विचाराने त्याला स्वतःचीच लाज वाटली.

लाज वाटल्यावर बन्सी नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. हत्यारं काढली. दुसऱ्या दिवशी बायको आंघोळीला गेलेली बघून त्याने कवळी रुमालात गुंडाळली आणि शेडवर नेली. कुठे टोचतंय ते अंदाजाने हेरलं, बारीक कानस मारली, पॉलिश पेपर फिरवला. काम देखणं झालं. पण कवळी तोंडात गेल्यावर पूर्वी नुसती हलायची, ती आता नाचायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी हिरडीला फोड आला.

"आता माझ्या तोंडाला हात लावू नका," मैनाबाई एवढंच म्हणाल्या. आवाज चढवला नाही, म्हणून ते त्याला जास्त लागलं.

किनाऱ्यावरच्या दांडी गावाहून मासळी घेऊन येणाऱ्या येसूबाईने टोपली उतरवता उतरवता सगळं ऐकून घेतलं. "बाय, बोंबील घे. याला दात नाय लागत," ती म्हणाली. मग बन्सीकडे वळून, "आनि भाऊ, तुमी तिला डॉक्टरकडं न्या. तिचं तोंड काय मशीन हाय?"

बन्सीच्या नजरेत स्टेशनजवळचा एक फलक होता. 'इम्प्लांट फक्त ९,९९९.' तो एकटाच चौकशीला गेला. काउंटरवरच्या मुलीने हसून सांगितलं, की तो आकडा हाडात बसवायच्या स्क्रूचा. त्यावरचा जोड वेगळा, वरचा दात वेगळा, स्कॅन वेगळा, आणि हाड कमी असेल तर ते भरायचं वेगळं. बन्सीला ही पद्धत ठाऊक होती. त्यांच्या धंद्यातही काही जण नुसत्या लोखंडाचा भाव सांगून गिऱ्हाईक आत ओढत. तो घरी आला.

मुलगा रूपेश पालघरला राहायचा. त्याने तिथल्या डॉक्टर स्नेहा यांचं नाव सुचवलं. बन्सी मैनाबाईंना घेऊन गेला. डॉक्टर चाळिशीच्या आतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी तपासलं, स्कॅन काढला आणि कागदावर लिहून दिलं. एक दात, सगळं धरून, पस्तीस हजार. खालचा पूर्ण जबडा पक्के दात लावून करायचा तर तीन लाखांच्या पुढे.

मैनाबाई लगेच उठल्या. बन्सी मात्र बसून राहिला.

"मॅडम, राग मानू नका. मी एकोणचाळीस वर्षं आटे पाडतोय. अर्ध्या इंचाचासुद्धा नाही हा स्क्रू. असं काय सोनं आहे त्यात?"

डॉक्टरांना राग आला नाही. त्यांनी कपाटातून नमुन्याचा एक इम्प्लांट काढला आणि सोबत भिंग दिलं. "काका, तुम्हीच बघून सांगा."

बन्सीने चष्मा कपाळावर चढवला. तांदळाच्या दोन दाण्यांहून थोडी मोठी ती वस्तू त्याने उजेडाकडे धरून सावकाश फिरवली. खालचे आटे खोल, वर येता येता उथळ आणि दाट. आत पोकळ, आणि त्या पोकळीतही आटे. वरच्या तोंडाला षटकोनी खाच, तिच्या कडा इतक्या साफ की त्याला आपला तरणा हात आठवला.

"टायटॅनियम?" त्याने विचारलं.

"हो."

"टूल खातं ते. जपून नाही कापलं तर निघणारा कीससुद्धा पेट घेतो." मग त्याच्या कपाळाला आठी पडली. "पण बाहेरून फिनिशिंग खराब आहे, मॅडम. खडबडीत सोडलंय."

डॉक्टर हसल्या. "मुद्दाम सोडलंय. त्या खडबडीवर हाड पकड घेतं. गुळगुळीत असता तर हाड धरलं नसतं."

बन्सीने पुन्हा भिंग लावलं. खडबडीतपणा सगळीकडे सारखा होता. एखादा पृष्ठभाग मोजूनमापून खडबडीत करणं काय असतं, हे टर्नरला कुणी समजावून द्यावं लागत नाही.

"बरं, स्क्रूचं पटलं," तो म्हणाला. "तरी पस्तीस हजार होत नाहीत."

"नाही होत. वरचा जोड आहे, लॅबमध्ये बनणारा दात आहे. स्कॅन आहे, निर्जंतुक हत्यारं आहेत. तीन महिने हाड भरून येईपर्यंत मी तुम्हाला परत परत बोलावून बघणार, ते आहे." त्या जरा थांबल्या. "काका, तुमच्याकडे एखादा भाग बिघडून रिजेक्ट झाला तर काय करता?"

"भंगारात टाकतो. दुसरा रॉड लावतो."

"मावशींचा जबडा एकच आहे. खालून शीर जाते. ड्रिल दोन मिलिमीटर जास्त गेलं तर ओठ कायमचा बधिर. इथे दुसरा रॉड नाही."

बन्सीने भिंग टेबलावर ठेवलं. पुढे त्याने किमतीची एकही गोष्ट काढली नाही. डॉक्टरांनीच सांगितलं, की मावशींना सगळे दात पक्के करायची गरजही नाही. पुढच्या बाजूला दोनच इम्प्लांट बसवायचे, त्यांच्या डोक्यावर गोल गुंड्या, आणि नव्या खालच्या कवळीला आतून खाचा. प्रेसबटणासारखी कवळी त्यावर बसते. काढता येते, धुता येते, पण आपोआप हलत नाही. एकूण नव्वद हजारांच्या आत. आधी साखर आटोक्यात यायला हवी, कारण मैनाबाईंना मधुमेह होता.

घरी येताना बन्सी हरखून गेला होता. बटणाची कल्पना त्याला फार आवडली. "बघ मैना, नुसतं टक् करून बसणार. पीएफचे आहेत बँकेत, तू काळजी करू नको."

मैनाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "मला विचारलंत का?"

"अगं, पैशाचं..."

"पैशाचं नाही."

घरी आल्यावर त्यांनी चहा टाकला, आणि गॅसकडे बघतच सांगितलं. शिबिरात सात दात काढले त्या दिवशी सुईने बधिर झालंच नव्हतं. दुखतंय म्हणून त्या ओरडल्या, तर तिथला माणूस म्हणाला, घाबरू नका, संपलंच. रांग मोठी होती. पाचव्या दातापर्यंत त्यांना सगळं कळत होतं. "तुम्ही बाहेर बाकावर होतात. मी तुम्हाला सांगितलं नाही. सांगून काय, दात तर गेले होते."

बन्सी ओट्याला टेकून उभा होता. त्याला आठवलं, त्या दिवशी बाहेर येताना तिचा पदर घामाने भिजला होता, आणि आपण म्हटलं होतं, चला, एकदाची कटकट गेली. पालघरला इम्प्लांटचा भाव समजून घ्यायला त्याने तासभर घालवला होता. बायकोला त्याने एक प्रश्नसुद्धा विचारला नव्हता.

"नको असेल तर नको करूया," तो म्हणाला. "मी बोंबील साफ करायला शिकतो."

मैनाबाईंना हसू आलं, आणि हसताना त्यांचा हात सवयीने तोंडावर गेला. तो हात दोघांनीही बघितला.

आठवड्याने त्यांनीच विषय काढला. "त्या डॉक्टरणीशी मला बोलायचंय. तुम्ही बाहेर बसा."

आत काय बोलणं झालं ते बन्सीला नंतर कळलं. मैनाबाईंनी एकच विचारलं होतं, "मी थांबा म्हटलं तर तुम्ही थांबाल का?" डॉक्टर म्हणाल्या, "हात वर करा. त्या क्षणी थांबेन. पुन्हा तुम्ही हो म्हणाल तेव्हाच सुरू."

साखरेला साडेतीन महिने लागले. नवराबायको रोज सकाळी गावाबाहेरच्या तलावापर्यंत चालायचे. बन्सीने चहातली साखर स्वतःचीही बंद केली, आणि त्याबद्दल इतकी कुरकुर केली की मैनाबाई म्हणाल्या, "तुम्ही साखर घ्या आणि गप्प बसा." तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सातच्या खाली आला तेव्हा डॉक्टरांनी तारीख दिली.

त्या दिवशी एका बाजूचं काम झाल्यावर दुसऱ्या बाजूला मैनाबाईंनी हात वर केला. दुखलं नव्हतं. खरंच थांबतात का, ते त्यांना बघायचं होतं. मशीन बंद झालं. डॉक्टरांनी मास्क खाली केला, त्यांचा हात हातात घेतला, आणि काही न विचारता दोन-तीन मिनिटं तशाच बसून राहिल्या. मग मैनाबाईंनी मान हलवली.

गाल सुजला, दोन दिवसांत ओसरला. तीन महिने जुनीच कवळी आतून कोरून, मऊ अस्तर लावून वापरली. हे काम डॉक्टरांनी केलं. बन्सीने कानशीला हात लावला नाही. नंतर गुंड्या बसल्या, नवी कवळी आली. डॉक्टरांनी आरसा दिला आणि म्हणाल्या, "तुम्हीच बसवा, मावशी." मैनाबाईंनी दोन बोटांनी ती दाबली. टक्. त्यांनी जीभ फिरवली, गाल फुगवले, खोकून बघितलं. कवळी जागची हलली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी काय खाल्लं असेल? भाजलेले शेंगदाणे. मूठभर शेंगदाणे खायला वीस मिनिटं लागली. बन्सी समोर बसून बघत होता, आणि त्याने त्या दिवशी बातम्या लावल्या नाहीत.

खर्च तिथे संपला नाही, हेही सांगायला हवं. खाचांतली छोटी रबरं वर्षभरात सैल होतात, ती बदलावी लागतात. फलकांवर हे कुणी लिहीत नाही. डॉक्टर स्नेहा यांनी मात्र पहिल्याच कागदावर लिहून दिलं होतं. बन्सीने विचारून बघितलं, "मॅडम, तसली रबरं शेडमध्ये पडलेली असतात. आणू का?"

"नाही काका."

"मापाने कापून आणतो."

"काका, नाही."

वर्षाने रबरं बदलायला दोघं पालघरला गेले तेव्हा बाकावर एक बाई बसली होती. साठीची, अंगावर चांगली साडी, आणि पदर तोंडावर दाबून धरलेला. दोनदा उठून ती दारापर्यंत जाऊन परत आली. मैनाबाईंनी थोडा वेळ बघितलं. मग त्या सरकून तिच्या शेजारी बसल्या, आणि भर बाकावर, चार अनोळखी माणसांसमोर, खालची कवळी काढून तळहातावर घेतली.

"ही बघा. आतून अशी आहे. आणि या खाली दोन गुंड्या." बोळक्या तोंडाने त्या बोलल्या, पण शब्द न् शब्द कळला.

बाईने पदर किंचित खाली केला. "किती खर्च आला हो?"

बन्सी पुढे झुकला. आट्यांपासून शिरेपर्यंत सगळं त्याच्या जिभेवर तयार होतं. मैनाबाईंनी हातानेच त्याला थांबवलं, कवळी बसवली आणि म्हणाल्या, "ते डॉक्टर नीट सांगतील, एकेक करून. तुम्ही आधी मला सांगा, भीती कशाची वाटते?"

ती बाई हळूहळू बोलायला लागली. ती बराच वेळ बोलत राहिली, तेव्हा बन्सी उठला आणि तिघांसाठी चहा सांगायला खाली गेला.