ताईची हौस

आमच्या मिस्त्रीच्या गॅरेजचा एक नियम आहे. गाडी ज्याची, पाना त्याच्या हातात. मिस्त्री बॉनेटमध्ये डोकं घालून हात नुसता मागे पसरतो, आणि गाडीच्या मालकाने त्या हातावर बरोबर नंबरचा पाना ठेवायचा. मालकाला बसायला तिथे खुर्ची नाही, स्टूल नाही. "काम बघितलेलं असलं म्हंजे उद्या रस्त्यात बंद पडली तर रडत नाय बसणार," असं त्याचं म्हणणं. नियमाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार एवढीच, की जीप माझ्या नावावर आहे, आणि इंजिन बदलायच्या पहिल्या चार दिवसांत त्या हाताने माझ्याकडून एकही पाना घेतला नाही.

पहिल्या दिवशी मी चौदा नंबरचा पाना पुढे केला. हात तसाच हवेत. "भाऊ, चौदाचा दे रं," आतून आवाज आला. भाऊ म्हणजे माझे बाबा. ते दोन पावलांवर मडगार्डला टेकून उभे होते. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि मिस्त्रीच्या हातावर ठेवला, तेव्हा कुठे तो हात आत गेला. मी साजगावच्या कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बारा वर्षं पंप, पट्टे आणि बेअरिंगं यांतच हात काळे केलेत. आणि इथे माझ्या हातचा पाना विटाळ झाल्यासारखा बाबांच्या हातून पुढे सरकत होता. तळपायाची आग मस्तकात गेली.

जीप जुनी, माझ्याच वयाची. डोंगराखालच्या पाड्यावरचं दूध बाबा रोज सकाळी तिच्यातून कडावच्या डेअरीला नेतात. पाड्याचा रस्ता म्हणजे नुसती दगडगोटे पसरलेली उतरण, दुसरी गाडी तिथे चढायला बघत नाही. भातकापणीच्या सुमारास तिच्या पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला. खोपोलीच्या रस्त्याला मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्याने भंगारातल्या एका पिकअपचं डिझेल इंजिन शोधून आणलं.

लोकांना वाटतं, इंजिन बदलायचं म्हणजे जुनं उचललं, नवं ठेवलं, झालं. तेवढं तर एका दिवसात होतं. खरी कटकट त्याच्या भोवतीच्या सामानाची. आमचं इंजिन आलं ते उघडंबोडकं. पंखा नाही, पाण्याचा पंप नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही. मग पंप एका गाडीचा, पंखा दुसऱ्या गाडीचा, अल्टरनेटर कुठल्याशा छोट्या टेंपोचा. बारा गावचं सामान एका पट्ट्यावर फिरवायचं, म्हणजे सगळ्यांच्या पुल्या, पट्टा ज्यांवरून फिरतो ती चाकं, एका रेषेत हव्यात. त्या नव्हत्या. चौथ्या दिवशी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं, मिस्त्रीने नारळ फोडला, आणि पट्टा असा किंचाळला की समोरच्या चहावालीने कानांवर हात ठेवले. नारळ फुटताना बाबा नेहमीप्रमाणे बाजूला उभे राहिले. देवाधर्माशी त्यांचं देणंघेणं नाही, खोबरं मात्र आवडीने खातात.

मिस्त्रीने काय करावं? कपड्याचा साबण आणला आणि पट्ट्यावर घासला. किंचाळणं थांबलं. "बघा, गेला आवाज."

"साबण वाळला की परत येईल," मी म्हटलं. "अल्टरनेटर तिरका बसलाय."

"ताय, ही तुमची कंपनी नाय. हितं जीप हाय."

जणू जीपच्या पुल्यांना वेगळी भूमिती लागते! मी इंजिन बंद केलं, चहावालीकडून पुड्याचा दोरा आणला आणि दोन पुल्यांवर ताणून धरला. दोरा एकीच्या काठाला चिकटला, दुसरीच्या काठापासून चांगला बोटभर लांब. आंधळ्यालाही हाताने चाचपून कळलं असतं. मिस्त्रीने बघितलं आणि बाबांकडे तोंड करून म्हणाला, "भाऊ, थोडं पॅकिंग टाकावं लागंल." भाऊंना! दोरा माझ्या हातात, आणि शोध लागला भाऊंना. बाबांनीही समजल्यासारखी मान डोलावली. घरी येताना मी त्यांच्यावर आवाज चढवला, तर म्हणाले, "त्याला करू दे गं. तीस वर्षं करतोय."

अल्टरनेटरखाली चकत्यांचं पॅकिंग टाकल्यावर पट्टा मुकाट फिरायला लागला. पाचव्या दिवशी सगळं पुन्हा तपासायला मी आत वाकले. ब्रेकच्या बूस्टरकडून निघालेली जाड काळी नळी अर्ध्यात संपली होती. तिच्या तोंडात एक बोल्ट ठोकलेला आणि वर पट्टी आवळलेली.

हा बूस्टर म्हणजे डब्यासारखी वस्तू असते. इंजिन हवा खेचतं त्या ओढीवर तो ब्रेकला जोर देतो, म्हणजे पाय हलका ठेवला तरी गाडी थांबते. पेट्रोल इंजिनात ही ओढ आपोआप मिळते. डिझेलला मिळत नाही, त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीवर एक छोटा पंप लागतो. टेंपोच्या अल्टरनेटरला तो नव्हताच. त्यामुळे मिस्त्रीने सरळ बूस्टरचं तोंड बंद केलं होतं. मी ब्रेकवर पाय ठेवला. दगड. पूर्ण अंग टाकल्यावर जरासा खाली गेला.

"हे काय केलंय?" मी ओरडले. टायरचं पंक्चर काढून घ्यायला आलेले दोन टेंपोवाले वळून बघायला लागले.

"ब्रेक लागतो की. जरा दाबून मारायचा. आधी कुठं होता बूस्टर? तीस वर्षं भाऊनी बिनबूस्टरची चालवली. ती तर तुमची हौस."

हौस. हा शब्द मीच त्याला दिला होता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पाड्याच्या उताराच्या पायथ्याला ओढ्यावरची मोरी आहे, तिथे रस्ता एकदम वळतो, आणि सकाळी त्याच वेळी शाळेची पोरं मोरीच्या कठड्यावर बसलेली असतात. एके दिवशी बाबांची जीप कठड्यापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. दोन कॅन पुढे आपटून दूध सांडलं. बाबांचा उजवा गुडघा झिजलाय. ब्रेक दाबायला गेले आणि पायात जोरच आला नाही. हे त्यांनी मला सांगितलं, आईला सांगितलं, आणि वर बजावलं, "भायेर कुणाला बोलायचं नाय." बाहेर कळलं की लोक म्हणणार, म्हातारा झाला, आता याच्याकडे दूध नको. मग मी कर्जतहून बूस्टर आणवला आणि याच मिस्त्रीकडून बसवून घेतला. कशाला हवा, असं त्याने विचारलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले, आणि मी म्हटलं, "मलाच हौस. मीपण चालवते ना कधी कधी."

तेव्हापासून गॅरेजमध्ये त्या डब्याचं नाव ताईची हौस. आणि आता अडचण आल्यावर माणूस पहिल्यांदा काय सोडणार? हौसच सोडणार. मी मिस्त्रीवर इतकी भडकले होते आणि खोट्याचा पहिला बोल्ट मीच मारला होता.

पण राग असा मुकाट्याने घरी जातो थोडाच. तो बाबांकडे वळला. "तुमाला माहीत होतं?"

बाबा रस्त्याकडे बघत होते. "पंपवाला अल्टरनेटर यायला अजून आठ दिस लागतील बोलला. तोवर दूध कोण नेणार? मीच सांगितलं, राहू दे."

"आणि उतारावर?"

"करीन मी."

करीन मी! गुडघा वाकवून न्हाणीघराची पायरी उतरता येत नाही, खुंटीला धरून उतरतात, आणि म्हणे करीन मी. मोरीवरची पोरं यांच्या अब्रूसाठी कठड्यावर बसलीत का? माझा आवाज फुटला. मला थांबता आलं नाही, आणि खरं सांगायचं तर थांबायचंही नव्हतं.

"मिस्त्री, ती माझी हौस नाय," मी म्हटलं. "बाबांचा उजवा गुडघा गेलाय. दोन वर्षं झाली. ब्रेक दाबायला जोर नाय त्यांच्या पायात. म्हणून बसवला होता तो बूस्टर."

टेंपोवाल्यांनी ऐकलं. चहावालीनेही ऐकलं असणार. बाबांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, मी शाळेची फी हरवली तेव्हासुद्धा नाही.

मिस्त्री बॉनेटमधून बाहेर आला. हात पुसले. गॅरेजच्या मागे त्याची स्वतःची गाडी उभी असते, तिचं बॉनेट त्याने उघडलं आणि तासाभरात तिचा अल्टरनेटर काढून आणला. पाठीवर पंप असलेला. "आमची राहील उभी आठ दिस," एवढंच म्हणाला. त्या माणसाला मी पाच दिवस मनातल्या मनात काय काय म्हटलं होतं, ते आठवून मला ओशाळल्यासारखं झालं.

मग त्याने रंगाचा एक रिकामा डबा उपडा केला, त्यावर पोत्याची घडी टाकली, आणि फडक्याने उगाच दोनदा झटकली. "बस भाऊ," तो हळू आवाजात म्हणाला. आजाऱ्याशी बोलतात तसा.

त्या आवाजाचा मला इतका राग आला! तीस वर्षं या माणसाने बाबांना उन्हात उभं ठेवलं, जीप ढकलायला लावली, शिव्या घातल्या. हेच बरोबरीचं वागणं टिकावं म्हणून बाबांनी दोन वर्षं गुडघा लपवला होता. बाबा नाही म्हणतील, झिडकारून टाकतील, असं मला वाटलं. मी मनात म्हणतसुद्धा होते, बाबा, नाही म्हणा.

बाबा बसले.

मिस्त्री पुन्हा बॉनेटमध्ये वाकला. टेंपोचा अल्टरनेटर काढला, पंपवाला बसवला, पंपाला तेल देणारी नळी जोडायला घेतली. त्याचा हात सवयीने मागे आला, आणि पसरलेलाच राहिला. बाबा डब्यावर खाली मान घालून स्वतःचे तळवे बघत होते.

"ताय," आतून आवाज आला, "सतराचा द्या."

मी दिला.