लोखंडी पंजा आणि भज्यांची प्लेट

मला राग येतो. पटकन येतो आणि लवकर जात नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचताना कुणी मला 'जाऊ दे गं' म्हणायला नको. तसं म्हणणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत.

गंगाखेडला तहसील कचेरीसमोर टपऱ्यांची एक रांग आहे. त्यातल्या एका दस्तलेखकाच्या टपरीत मी नऊ वर्षांपासून टायपिंग करते. खरेदीखत, संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र, लागेल ते. पण सगळ्यांत जास्त टाइप करते ते हक्कसोडपत्र. बाप गेला की सातबाऱ्यावर भावाबरोबर बहिणींचीही नावं लागतात. मग वर्षा-दोन वर्षांत भाऊ बहिणींना गाडीत घालून आणतो आणि त्या आपला हिस्सा त्याला सोडून देतात. 'राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून देत आहे' हे वाक्य माझी बोटं मला न विचारता टाइप करतात.

भाऊ दुष्ट असते तर बरं झालं असतं. तसे ते नसतात आणि तिथंच माझं डोकं फिरतं. कुणी दरडावत नाही, कुणी डोळे वटारत नाही. बहिणीला खुर्ची देतात, पंखा तिच्याकडे वळवतात, समोरच्या गाड्यावरून गरम भजे आणि तळलेली मिरची आणतात. प्लेट तिच्याकडे सरकवतात आणि हसतात. तिनं एक भजं खाल्लं की प्रेमानं तिचं मनगट धरतात आणि अंगठा शाईच्या पॅडवर टेकवतात. सही येणारी असेल तर तिच्या हातात पेन देतात, तेही टोपण काढून. मी समोर बसून प्रिंट काढत असते. मला त्या टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटतं, पण मी पानं नीट लावून स्टेपल करते.

रविवारी मी व्हिलन रंगवते. जुना घेतलेला एक पेन टॅबलेट आहे, तो लॅपटॉपला जोडायचा आणि काचेवर लिहावं तसं रंगवत बसायचं. कॉमिक्समधल्या व्हिलनांची चित्रं काढणाऱ्यांचा इंटरनेटवर एक मोठा ग्रुप आहे. तिथं माझं खरं नाव नाही, फोटो नाही. फक्त चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सही असते, माझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याखाली एक आडवी रेघ. नवऱ्याला ठाऊक आहे. त्याच्या घरच्यांना कळलं तेव्हा त्यांनी विचारलं की एवढी कला आहे तर गणपती का काढत नाहीस. गणपती काढणारे गावात पुष्कळ आहेत असं मी म्हटलं, त्यावर आठ दिवस अबोला झाला.

व्हिलनच का, तर त्याचं मूळ दादात आहे. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव गोदावरीच्या काठचं, गंगाखेडपासून जवळच. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलवरून हिंदी कॉमिक्स आणायचा. आम्ही दोघं लिंबाखाली पालथे पडून वाचायचो आणि वाचून झालं की खेळायचो. हिरो तो. व्हिलन मी. कधीच उलटं नाही. एक लोखंडी पंज्याचा व्हिलन आम्हां दोघांचा लाडका होता. त्याच्यासाठी मी हातात धान्य मोजायचं पत्र्याचं मापटं घालून फिरायचे. शेवटी खळ्यात मला मरावं लागायचं. मरायला जास्त वेळ लावला की दादा चिडायचा. अशा किती दुपारी मी मेले असेन, मोजदाद नाही. त्यामुळे व्हिलनला आतून काय वाटतं हे मला जरा जास्त कळतं.

गेल्या दसऱ्याच्या आधी मी त्या लोखंडी पंजेवाल्याचं चित्र केलं. पाच रविवार लागले. तो टेबलाशी बसलेला, ओरडत नाही, धमकावत नाही, मायेनं हसतोय. लोखंडी पंज्यात एका बाईचं मनगट, आणि त्या मनगटाचा अंगठा कागदावर टेकलेला. बाईचा चेहरा दिसत नाही. टेबलावर भज्यांची प्लेट आणि मिरची. मनगटावर मी माझ्या आईचं गोंदण काढलं, तिची तुळस आणि बाजूचे तीन ठिपके. आईनंही हक्कसोडपत्र दिलं होतं, मामाला. मी तेव्हा चौथीत होते आणि तिच्याबरोबर गेले होते. भजे मीही खाल्ले होते.

चित्र टाकलं आणि ते पळत सुटलं. तेवढी वाहवा मला कधी मिळाली नव्हती. पण वाहवेबरोबर शहाणेही आले. एकाचं म्हणणं, मूळ कॉमिक्समध्ये हा कधीच हसत नाही, चित्रकाराचा अभ्यास कच्चा आहे. दुसरा म्हणाला, हे मशीनकडून करून घेतलंय, बोटं मोजा. लोकांनी खरंच बोटं मोजली. पाच रविवार पाठ मोडून बसलेली बाई मी, आणि हे टिकोजी माझ्या चित्रातली बोटं मोजत होते. मी एकेकाला उत्तर लिहीत बसले आणि कणीक तशीच परातीत वाळली.

मग एका मोठ्या पेजनं ते उचललं. उजवा कोपरा कापून. खाली लिहिलं, 'चित्रकार अज्ञात'. मी त्यांना लिहिलं की चित्रकार ज्ञात आहे, ती मी आहे, सही कापण्याआधी तुम्हांला दिसलीच असणार. उत्तरात हात जोडलेल्या खुणा आल्या, तीन. चित्र तसंच राहिलं आणि तिथून ते गावोगावच्या ग्रुपांवर गेलं. पुढच्यांनी अजून कापलं. कुणी प्लेट कापली, कुणी मनगट.

दिवाळीच्या तोंडावर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तेव्हा एका सकाळी मी कामावर निघाले होते. पुढे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. एका ट्रॉलीच्या मागच्या फाळक्यावर फ्लेक्स चिकटवलेला होता आणि त्यावर माझा लोखंडी पंजेवाला हसत होता. बाई नाही, भजे नाहीत, सही नाही. नुसता पंजा आणि ते हसू. खाली 'नाद करायचा नाय'. ट्रॉली दादाची होती.

मी स्कूटी आडवी घालून त्याला थांबवलं. त्याला वाटलं काही वाईट बातमी आहे. मी फ्लेक्सबद्दल विचारलं तसा तो खाली उतरला, मला मागे नेऊन कौतुकानं दाखवू लागला. ग्रुपवर आलं होतं, ओळखलंस का, आपला पंजेवाला, काय हसायलाय बघ, असं बरंच बोलला. लहानपणीचं मापटं त्यानंच आधी आठवलं. मी सांगणार होते की हे मी काढलंय. पण मागचे ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले आणि तो चढता चढता म्हणाला की येत्या गुरुवारी मायला घेऊन टपरीवर येतो, तुझ्याकडे जरा काम आहे.

काय काम ते मला तिथं रस्त्यातच कळलं. वडील जाऊन दोन वर्षं झाली होती आणि सातबाऱ्यावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली होती. गुरुवारपर्यंत मी स्वतःची समजूत घालत राहिले की दादा तसा नाही. नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, माहेर तुझं, तू बघ.

गुरुवारी ते आले. दादानं आईला स्टुलावर बसवलं, पंखा माझ्याकडे वळवला आणि बाहेर गेला. परत आला तो हातात भज्यांची प्लेट घेऊन.

मी खोटं सांगत नाही, माझे कान गरम झाले. इतकी वर्षं मी त्या प्लेटीच्या दुसऱ्या बाजूला होते, आता तीच प्लेट माझ्या कीबोर्डशेजारी ठेवली होती आणि मिरच्या दादानं आठवणीनं जास्त आणल्या होत्या, मला आवडतात म्हणून. त्यानं कागद काढले. ऊस नोंदवायला दर खेपेला तिघांच्या सह्या-अंगठे, कचेरीत हेलपाटे, लय ताप व्हायलाय, असं सगळं व्यवस्थित समजावलं. मग म्हणाला, "घरचंच काम हाय बाई, तूच टाईप कर. दुसऱ्याला कामून सांगायचं?"

माझंच हक्कसोडपत्र मीच टाइप करायचं होतं. आणि माझ्या लाजेची गोष्ट ही की मी बसले टाइप करायला. हाताची सवय. गट नंबर, चतुःसीमा, लिहून घेणार, लिहून देणार. लिहून देणारच्या पुढे माझं नाव टाइप केलं. 'राजीखुशीने'पर्यंत आले आणि तिथं बोटं थांबली. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आई म्हणाली, "थांबलीस कामून? मी न्हाई का दिली माज्या भावाला? माहेर राहतं बाई त्यानं." तिचं माहेर किती राहिलं ते मी पाहिलेलं आहे. मामाच्या घरी तिला शेवटचं लग्नात बोलावलं होतं, तेही पत्रिका दुसऱ्याच्या हाती पाठवून. तिलाही ते ठाऊक होतं.

मी स्क्रीनवरची फाईल बाजूला सारली आणि माझं खातं उघडून ते चित्र स्क्रीनभर लावलं. पूर्ण चित्र. मनगट, अंगठा, भजे, कोपऱ्यातली सही. मॉनिटर त्यांच्याकडे वळवला आणि सांगितलं की ट्रॉलीवरचं चित्र हे आहे, आणि हे मी काढलंय.

दादा बराच वेळ बघत राहिला. टेबलावरच्या प्लेटीकडे बघितलं, परत स्क्रीनकडे. त्याला कळलं. तो मठ्ठ नाही, कधीच नव्हता. मला वाटलं आता तो कागद उचलेल. पण तो हसला, अगदी खरं, लाडानं.

"मला काय म्हाईत तू काडलंस ते. बरं, ही सही घालतो परत ट्रॉलीवर, चांगली मोठी करून. तू हितं कर."

माझं चित्र मलाच परत देऊन त्या बदल्यात तो माझी जमीन मागत होता, आणि त्यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं. मी ओरडले नाही. मला ओरडायचं होतं, पण बाहेर चार बायका आपापल्या भावांबरोबर बसल्या होत्या आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी प्लेट पुढ्यात ओढली आणि भजे खाल्ले. सगळे. मिरच्याही. ते दोघं बघत बसले. मग हात पुसून मी फाईल सेव्ह न करता बंद केली आणि दादाला म्हटलं, "म्या सही करनार न्हाई. भजे चांगले होते."

तो गेला. जाताना आईला हाताला धरून नीट पायरी उतरवली. आई स्क्रीनकडे मान वळवून बघत होती.

त्यानंतर भाऊबीजेला बोलावणं नव्हतं, संक्रांतीला नव्हतं. ट्रॉली रोज माझ्या टपरीवरून कारखान्याकडे जाई, पंजेवाला हसत हसत, आणि दादा सरळ पुढे बघत. मला वाईट वाटायचं का, तर हो, वाटायचं, आणि वाईट वाटतंय याचाही राग यायचा. पंजेवाल्याचं मापटं मी घातलं तेव्हा चाललं, खळ्यात मी मेले तेव्हा चाललं. एकदा मरायला नाही म्हटलं तर खेळच बंद.

फाल्गुनात आईचा फोन आला, शेजारणीच्या फोनवरून. तिनं ख्यालीखुशाली विचारली नाही. सरळ म्हणाली, "त्या चित्रातला हात माजा हाय ना?"

मी हो म्हटलं. आता बोलणी बसणार असं वाटून तयार राहिले. पण तिचा राग दुसराच होता.

"मग अंगठा कामून काडलास? म्या सही केल्ती. अंगठा बी घेतला त्यांनी, पन आदी सही केल्ती. तूच शिकवल्तीस पाटीवर. आठ दिवस गिरवलं म्या, अंगठेबहाद्दर म्हनून जायचं नव्हतं मला भावापुडं."

खरं होतं. चौथीत असताना मी, माझ्याच पाटीवर, तिचा हात धरून तिला तिचं नाव लिहायला शिकवलं होतं. ते नाव तिनं जन्मात जपून एकदाच वापरलं, हिस्सा सोडून द्यायला. आणि मी, जिची सही कापली म्हणून जगाशी भांडत सुटले होते, मीच तिची सही कापून तिथं अंगठा लावला होता. का, तर अंगठा चित्रात चांगला दिसतो. त्या पेजवाल्यांवर, दादावर काढलेला सगळा राग फिरून माझ्याच अंगावर आला.

मी चुकले म्हटलं. दुरुस्त करते म्हटलं. हातात पेन काढू का, असं विचारलं.

मागे शेजारणीचं पोर रडत होतं.

"काड," आई म्हणाली. "आन टोपन लावून काड."