भरीत कट्टा

नदीकाठी बसलेल्या माणसाचे षड्रिपू एकेक करून गळून पडतात. पांझरेकाठच्या बागेच्या सुधारणेसाठी महापालिकेने नागरिकांकडून सूचना मागवल्या, तेव्हा मी दिलेल्या चौदा पानी टिपणाचं हे पहिलं वाक्य. मागणी एकच होती: बागेतले बाक रस्त्याकडे तोंड करून आहेत, ते नदीकडे फिरवा. बाकीची साडेतेरा पानं या मागणीमागची भूमिका.

निवृत्तीनंतर जळगावचं, पिंप्राळ्यातलं घर सोडून मी धुळ्याला आलो. या शहरात आपल्या हातचं काहीतरी राहावं, एवढीच इच्छा होती. एक बाक फिरला असता तरी चाललं असतं.

सूचना ऐकायला एका शाळेच्या सभागृहात बैठक झाली. पाहुण्यांचे सत्कार सूचनांपेक्षा जास्त वेळ चालले. आराखडा करणाऱ्या बाईंनी माझं टिपण चाळलं, "फार अभ्यासपूर्ण आहे" म्हणाल्या आणि ते पाण्याच्या तांब्याखाली ठेवलं.

मग माझे साडू उठले. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खी गल्ली त्यांना नाना म्हणते. त्यांच्या हातात कागदाचा कपटाही नव्हता. सरळ अहिराणीतच सुरू झाले.

"ताई, मना एकच प्रश्न शे. बठ्ठा लोके येतीन, वांगा लई येतीन. मंग भरीत कोठे भाजानं?"

सभागृह उसळलं. "बोला नाना!" मागून कोणीतरी ओरडलं. बाईंनी हसत पेन्सिल उचलली, आराखड्यात नदीच्या बाजूला एक गोल काढला आणि त्यात लिहिलं: भरीत कट्टा.

भरीत! जळगावचा मी. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगं कधी उलटायचं, हे नानांना मीच शिकवलं होतं, पिंप्राळ्याच्या गच्चीवर. त्याआधी हा माणूस वांगं गॅसवर भाजायचा. आणि त्याच्या नावावर आता कट्टा.

रिक्षात बायको म्हणाली, "नानांनी बघा कसं मुद्द्याचं विचारलं."

"मीही मुद्द्याचंच लिहिलंय."

"कितव्या पानावर?"

पुढचे आठ दिवस मी नानांचा फोन उचलला नाही. नवव्या दिवशी ते दारात आले. काम सुरू व्हायच्या आधी, थंडी आहे तोवर, कट्ट्याची जागा तपासायची म्हणून त्यांनी रविवारी तिथेच भरीत ठेवलं होतं. "चला, जळगावकर. तुमच्याशिवाय वांगी कोण उलटणार?"

मी गेलो, ते भरीत बिघडलेलं बघायला. माणसं पन्नासेक जमली होती, आराखड्याच्या बाईही आल्या होत्या. हात मात्र माझे ऐकेनात. वांगी जळायला लागली तसा मीच पुढे झालो आणि ती नीट उलटली. भरीत उत्तम झालं. लोकांनी नानांचं अभिनंदन केलं.

जाळ आणि नदीच्या मधल्या जागेत पानं वाढली, तेव्हा वारा फिरला आणि धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जायला लागला. माणसं पत्रावळी उचलून कुरकुरत वळली आणि जाळाकडे पाठ करून बसली. मी वांग्यांची सालं हातात घेऊन बघत राहिलो. बाई, नाना, माझी बायको, पन्नासच्या पन्नास माणसं नदीकडे तोंड करून जेवत होती.

नदीत पाणी नव्हतं.